गृहनिर्माण अधिकारी, भाडेकरू आणि कॅमेरा : ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील माहितीपट मालिकांचा अन्वयार्थ

प्रस्तावना :

निवारा ही माणसाची मूलभूत गरज आहे, हे विधान सर्वमान्य असले तरी ती गरज भागविण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक समाजाने आपापल्या परीने दिले आहे. ब्रिटनने विसाव्या शतकात दिलेले उत्तर म्हणजे स्थानिक प्रशासनाने, अर्थात कौन्सिलने, स्वतः घरे बांधून ती माफक भाड्याने देणे. या व्यवस्थेतून गृहनिर्माण अधिकारी आणि भाडेकरू यांचे एक विशेष नाते निर्माण झाले. घर मिळण्यापासून ते घर रिकामे करावे लागण्यापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर भाडेकरूची गाठ या अधिकाऱ्याशी पडते.

इ.स. २०१३ नंतर हे नाते ब्रिटिश दूरचित्रवाणीच्या माहितीपट मालिकांचा विषय बनले. ‘हाऊ टू गेट अ कौन्सिल हाउस’ (चॅनल फोर, २०१३), ‘द हाउसिंग एन्फोर्सर्स’ (बीबीसी वन, २०१४) आणि ‘कौन्सिल हाउस क्रॅकडाउन’ (बीबीसी वन, २०१५) या त्यांपैकी प्रमुख मालिका होत. वरकरणी या मालिका सरकारी कामकाजाची ओळख करून देतात. परंतु त्या ज्या पद्धतीने ही ओळख करून देतात, तिच्यामुळे प्रेक्षकाच्या मनातील प्रश्नच बदलतो. ‘घरे अपुरी का आहेत?’ या प्रश्नाची जागा ‘घर मिळण्यास लायक कोण?’ हा प्रश्न घेतो. हा बदल कसा घडतो आणि त्याची मुळे गृहनिर्माण व्यवस्थेच्या इतिहासात कुठे सापडतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

उद्दिष्टे :

१) ब्रिटनमधील सामाजिक गृहनिर्माण व्यवस्थेचा व गृहनिर्माण अधिकारी या पदाचा विकास समजावून घेणे.
२) या विषयावरील माहितीपटांची परंपरा व २०१३ नंतरच्या मालिकांचे स्वरूप स्पष्ट करणे.
३) या मालिकांची उपयुक्तता व मर्यादा यांची चिकित्सा करणे.

१. सामाजिक गृहनिर्माण : संकल्पना व पार्श्वभूमी

सामाजिक गृहनिर्माण म्हणजे बाजारभावापेक्षा कमी भाड्याने, गरजेच्या निकषावर दिली जाणारी घरे. ब्रिटनमध्ये अशी घरे दोन प्रकारच्या घरमालकांकडे आहेत. एक कौन्सिल आणि दुसरी हाउसिंग असोसिएशन. महाराष्ट्रात ‘गृहनिर्माण संस्था’ म्हटले की सभासदांच्या मालकीची सहकारी सोसायटी डोळ्यांसमोर येते. ब्रिटनमधील हाउसिंग असोसिएशन मात्र नफा न कमावता घरे भाड्याने देणारी स्वतंत्र संस्था असते. त्याचप्रमाणे म्हाडाच्या सोडतीत अर्जदाराला घर प्रामुख्याने विकत मिळते आणि त्यानंतर मंडळाशी त्याचा दैनंदिन संबंध फारसा उरत नाही. कौन्सिलच्या घरात राहणारा माणूस मात्र भाडेकरूच असतो. त्यामुळे भाडे, दुरुस्ती, शेजाऱ्यांच्या तक्रारी आणि ताबा या सर्व बाबतींत घरमालक संस्थेशी त्याचा संबंध अखंड राहतो.

या व्यवस्थेचा पाया १८९० च्या श्रमिकवर्गीय गृहनिर्माण कायद्याने घातला गेला. पूर्व लंडनमधील एक कुप्रसिद्ध वस्ती पाडून लंडन काउंटी कौन्सिलने उभारलेली व १९०० मध्ये उद्घाटन झालेली ‘बाउंडरी इस्टेट’ ही सुरुवातीच्या कौन्सिल वसाहतींपैकी महत्त्वाची वसाहत होय. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये मंत्री ख्रिस्तोफर ॲडिसन यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि घरबांधणीसाठी केंद्र सरकारचे अनुदान सुरू झाले. तीन वर्षांत पाच लाख घरांचे उद्दिष्ट होते. खर्चकपातीमुळे त्याच्या निम्मीही घरे पूर्ण झाली नाहीत. तथापि घर पुरविणे हे शासनाचे काम आहे, हे तत्त्व त्यातून रुजले. दुसऱ्या महायुद्धानंतर मजूर व हुजूर या दोन्ही पक्षांनी ते पुढे नेले. १९५३ व १९५४ या वर्षांत तर दरवर्षी दोन लाखांहून अधिक कौन्सिल घरे बांधली गेली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधील जवळजवळ एक तृतीयांश कुटुंबे अशा घरांत राहत होती.

१९८० च्या गृहनिर्माण कायद्याने या वाटचालीला वेगळे वळण दिले. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने भाडेकरूंना राहते घर मोठ्या सवलतीने विकत घेण्याचा हक्क दिला. याच कायद्याने भाडेकरूंना ताब्याची कायदेशीर सुरक्षितताही दिली, ही बाब अनेकदा दुर्लक्षिली जाते. एकट्या इंग्लंडमध्ये या हक्काखाली आजवर सुमारे २० लाख घरे विकली गेली. विक्रीतून आलेला पैसा नव्या घरांसाठी वापरण्यावर कौन्सिलवर बंधने होती. परिणामी विकलेल्या घरांची भरपाई झाली नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस कौन्सिलने बांधलेल्या नव्या घरांची वार्षिक संख्या हजाराच्याही खाली आली. स्कॉटलंडने २०१६ मध्ये व वेल्सने २०१९ मध्ये हा हक्क रद्द केला. इंग्लंडमध्ये तो कायम आहे; मात्र २०२४ मध्ये त्यातील सवलत बरीच कमी करण्यात आली. आज इंग्लंडमधील सुमारे १७ टक्के कुटुंबे सामाजिक घरांत राहतात आणि सुमारे १३ लाख कुटुंबे प्रतीक्षा यादीत आहेत. पुढील विवेचनात या दोन आकड्यांचे भान ठेवणे आवश्यक आहे. कारण अधिकाऱ्याच्या टेबलासमोर घडणारा प्रत्येक प्रसंग त्यांच्याच चौकटीत घडतो.

२. गृहनिर्माण अधिकारी : गरज आणि लायकी यांच्यामध्ये

गृहनिर्माण अधिकारी या पदाचा उगम कौन्सिलच्याही आधीचा आहे. इ.स. १८६५ मध्ये ऑक्टेव्हिया हिल (१८३८–१९१२) यांनी जॉन रस्किन यांच्या आर्थिक साहाय्याने लंडनच्या मेरिलबोन भागातील काही मोडकळीस आलेली घरे व्यवस्थापनासाठी घेतली. त्यांची पद्धत साधी होती. प्रशिक्षित स्त्रियांनी दर आठवड्याला प्रत्येक घरी जाऊन भाडे गोळा करावयाचे, दुरुस्तीची नोंद घ्यावयाची आणि कुटुंबाची विचारपूस करावयाची. भाडे थकविणाऱ्याला मात्र क्षमा नव्हती. मदत आणि शिस्त, आस्था आणि देखरेख यांची ही सांगड पुढे या व्यवसायाचा स्थायीभाव बनली. हिल यांचा कौन्सिलने घरे बांधण्यास विरोध होता. तरीही त्यांच्या परंपरेत तयार झालेल्या स्त्री व्यवस्थापकांनीच पुढे अनेक कौन्सिलांच्या गृहविभागांत काम केले आणि त्यांची संघटना आजच्या व्यावसायिक संस्थेत विलीन झाली.

कौन्सिल गृहनिर्माणात घराचे वाटप करण्यापूर्वी अधिकारी अर्जदाराच्या राहत्या घरी भेट देत असत. घराची स्वच्छता, फर्निचरची अवस्था, मुलांचे वळण यांच्या नोंदी होत आणि त्यांवरून कोणाला नवे घर द्यावयाचे व कोणाला जुन्या वसाहतीत धाडावयाचे, हे ठरे. १९६९ च्या कलिंगवर्थ समितीच्या अहवालाने या पद्धतीवर कठोर टीका केली. अर्जदाराच्या नैतिक योग्यतेला महत्त्व न देता त्याची गरज पाहिली जावी, असे या समितीचे प्रतिपादन होते.

१९७७ च्या बेघर व्यक्तींविषयीच्या कायद्याने ही दिशा काही अंशी स्वीकारली. लिबरल पक्षाचे खासदार स्टीफन रॉस यांनी मांडलेल्या या कायद्याने बेघर कुटुंबांना निवारा मिळवून देणे हे कौन्सिलचे वैधानिक कर्तव्य ठरविले. परंतु विधेयकाच्या चर्चेत त्यात एक अट जोडली गेली. जो ‘हेतुपुरस्सर बेघर’ झाला असेल, त्याच्याविषयीचे कर्तव्य मर्यादित राहील, ही ती अट होय. पुढे १९९६ च्या कायद्यात एकत्रित झालेल्या तरतुदींनुसार अधिकाऱ्याला पाच प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात. अर्जदार मदतीस कायद्याने पात्र आहे काय, तो खरोखर बेघर आहे काय, लहान मुले, गर्भारपण, वार्धक्य वा आजार यांमुळे त्याला अग्रक्रम आहे काय, तो स्वतःच्या कृतीने बेघर झाला आहे काय आणि त्या भागाशी त्याचा स्थानिक संबंध आहे काय. त्यानंतर लेखी निर्णय द्यावा लागतो आणि २१ दिवसांत फेरविचार मागण्याचा हक्क अर्जदारास असतो. पहिले तीन प्रश्न मुख्यतः हक्क व गरज तपासतात. चौथा प्रश्न मात्र वर्तनाकडे वळतो. ‘लायकी’ची जुनी कल्पना कायद्यात या दाराने पुन्हा आत आली.

अमेरिकन अभ्यासक मायकेल लिप्स्की यांनी १९८० मध्ये ‘स्ट्रीट-लेव्हल ब्युरोक्रसी’ या ग्रंथात शिक्षक, पोलीस, समाजसेवा कर्मचारी यांसारख्या, नागरिकांशी थेट संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांचा विचार केला. अपुरी साधने आणि अमर्याद मागणी यांच्यामध्ये उभा असलेला हा कर्मचारी आपल्या दैनंदिन निर्णयांतून धोरणाला प्रत्यक्ष रूप देतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. गृहनिर्माण अधिकारी हे याचे ठळक उदाहरण होय. त्याच्याकडे निर्णयाचा अधिकार आहे, घरे मात्र नाहीत.

३. माहितीपटांची परंपरा

भाडेकरूंना कॅमेऱ्यासमोर बोलते करण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे १९३५ चा ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’ हा आर्थर एल्टन व एडगर ॲन्स्टी यांचा लघुपट. पूर्व लंडनमधील स्टेपनी भागातील रहिवाशांनी उंदीर, ढेकूण, गळकी छपरे यांविषयी आपल्या शब्दांत केलेले कथन त्यात आहे. स्थानिक गृहसमितीचे अध्यक्ष निवेदन करतात आणि अखेरीस नव्या वसाहती हा उपाय म्हणून दाखविला जातो. लघुपटाला गॅस उद्योगाचे अर्थसाहाय्य होते व नव्या घरांत गॅसचा वापर वाढावा, हा त्यामागील व्यापारी हेतू लपलेला नाही. रहिवाशांना केवळ पीडित म्हणून दाखविण्याची प्रथा या परंपरेने पाडली, अशी टीका ब्रायन विन्स्टन यांसारख्या अभ्यासकांनी पुढे केली. ती ग्राह्य मानली तरी एक गोष्ट उरतेच. या लघुपटात दोष घराचा आहे, राहणाऱ्याचा नाही.

१६ नोव्हेंबर १९६६ रोजी बीबीसीने प्रसारित केलेले ‘कॅथी कम होम’ हे जेरेमी सँडफर्ड लिखित व केन लोच दिग्दर्शित नाट्य माहितीपटाच्या शैलीत चित्रित केले होते. बेघर झालेल्या कुटुंबाची मुले अखेरीस आईपासून हिरावून घेतली जातात, ही त्याची कथा सुमारे १ कोटी २० लाख प्रेक्षकांनी पाहिली. ‘शेल्टर’ ही संस्था त्याच वर्षी १ डिसेंबर रोजी सुरू झाली. तिची तयारी स्वतंत्रपणे आधीच चालू होती. मात्र नाट्याने निर्माण केलेल्या जनमताचा तिला मोठा लाभ झाला. या नाट्यातील अधिकारी कठोर दिसतात. पण ती कठोरता व्यवस्थेची आहे, हे प्रेक्षकाला सतत जाणवत राहते.

तिसरे उदाहरण अमेरिकेचे आहे. फ्रेडरिक वाइजमन यांचा ‘पब्लिक हाउसिंग’ (१९९७) हा तीन तासांहून अधिक लांबीचा माहितीपट शिकागो येथील आयडा बी. वेल्स वसाहतीत चित्रित झाला. त्यात निवेदन नाही, मुलाखती नाहीत, पार्श्वसंगीत नाही. भाडेकरूंच्या बैठका, पोलिसांची गस्त, कीटकनाशक फवारणारा कर्मचारी, दूरध्वनीवर प्रशासनाशी वाद घालणारी भाडेकरू प्रतिनिधी हे सारे प्रसंग दीर्घकाळ, न तोडता दिसतात. कोणाचाही निवाडा करण्याची घाई नसल्यामुळे व्यवस्था कशी चालते, हे प्रेक्षकाला स्वतःच उमगत जाते.

४. २०१३ नंतरच्या मालिकांचे स्वरूप

या मालिकांचा जन्म ज्या काळात झाला, तो काळ लक्षात घेणे अगत्याचे आहे. २०११ च्या स्थानिक स्वायत्तताविषयक कायद्याने प्रतीक्षा यादीत कोणाला प्रवेश द्यावयाचा, हे ठरविण्याचे व्यापक अधिकार कौन्सिलना दिले. त्यानुसार अनेक ठिकाणी दीर्घ वास्तव्य, रोजगार, चांगले वर्तन यांसारख्या अटी आल्या. एप्रिल २०१३ पासून गरजेपेक्षा एक खोली अधिक असलेल्या कामकरी वयाच्या सामाजिक भाडेकरूंच्या गृहभत्त्यात भाड्याच्या १४ टक्के व दोन वा अधिक खोल्या जास्त असल्यास २५ टक्के कपात सुरू झाली. टीकाकारांनी तिला ‘बेडरूम टॅक्स’ हे नाव दिले. त्याच वर्षी सामाजिक घर बेकायदा पोटभाड्याने देणे हा फौजदारी गुन्हा ठरविणारा कायदा झाला. जानेवारी २०१४ मध्ये चॅनल फोरवरील ‘बेनिफिट्स स्ट्रीट’ या बर्मिंगहॅममधील एका रस्त्यावरील मालिकेने मोठा वाद निर्माण केला. सारा डी बेनेडिक्टिस, किम ॲलन व ट्रेसी जेन्सन या अभ्यासिकांनी अशा कार्यक्रमांच्या वर्गाचे ‘फॅक्च्युअल वेल्फेअर टेलिव्हिजन’ या नावाने विश्लेषण केले आहे. गरिबी हा स्वस्तात चित्रित होणारा आणि प्रेक्षक खेचणारा विषय कसा बनला, हे त्यांनी दाखविले.

‘हाऊ टू गेट अ कौन्सिल हाउस’ या मालिकेने पूर्व लंडनमधील टॉवर हॅम्लेट्ससारख्या दाट वस्तीच्या भागातील गृहविभागात प्रवेश मिळविला. एका बाजूला अर्जदार, दुसऱ्या बाजूला अधिकारी आणि मध्ये टेबल, हा तिचा मूळ प्रसंग. या मालिकेमुळे सर्वसामान्य प्रेक्षकाला अपरिचित असलेली वाटपाची पद्धत दिसली. डेल्फ्ट या डच शहरातील प्रयोगावरून ब्रिटनमध्ये रुजलेल्या निवडीवर आधारित वाटपपद्धतीत रिकामी घरे जाहीर केली जातात व अर्जदार त्यांवर ‘बोली’ लावतात. हा शब्द फसवा आहे. कारण त्यात पैशाचा संबंध नसतो. अर्जदार केवळ पसंती नोंदवितो आणि ज्याचा गरजेचा गट वरचा व प्रतीक्षा दीर्घ, त्याला घर दाखविले जाते. एकाच घरासाठी शेकडो जण पसंती नोंदवू शकतात. म्हणून वर्षानुवर्षे दर आठवड्याला बोली लावूनही हाती काही न लागणे, हा बहुसंख्यांचा अनुभव असतो. मालिकेचे शीर्षक मात्र ‘कौन्सिलचे घर कसे मिळवावे’ असे आहे. घर मिळणे ही जणू युक्तीची बाब आहे, असे त्यातून सूचित होते.

‘द हाउसिंग एन्फोर्सर्स’ ही मॅट ऑलराइट यांनी सादर केलेली मालिका अधिक सहानुभूतीची आहे. तीत अधिकारी ओल धरलेल्या भिंती, धोकादायक वीजजोडण्या, खच्चून भरलेल्या खोल्या यांची पाहणी करताना दिसतात व खासगी घरमालकांविरुद्ध कारवाई करतात. येथे अधिकारी हा भाडेकरूचा रक्षक आहे. ‘कौन्सिल हाउस क्रॅकडाउन’ या मिशेल ॲकर्ली यांनी सादर केलेल्या मालिकेत तोच तपास अधिकारी बनतो. पोटभाडे, खोटे अर्ज, सवलतीने घर विकत घेण्यातील फसवणूक हे तिचे विषय आहेत. असे प्रकार घडतात व त्यांमुळे एखाद्या गरजू कुटुंबाचे घर अडून राहते, हे खरेच आहे. म्हणून ही मालिका निराधार आहे, असे म्हणता येत नाही. प्रश्न प्रमाणाचा आहे. घर अडविणारा लबाड भाडेकरू प्रत्येक भागात समोर येतो. विकल्या गेलेल्या आणि पुन्हा न बांधलेल्या लाखो घरांना चेहरा नसतो, त्यामुळे ती पडद्यावर येत नाहीत.

५. मालिकांच्या मर्यादा

या मालिकांची पहिली मर्यादा दृष्टिकोनाची आहे. गृहविभागात चित्रीकरण करण्यासाठी कौन्सिलची परवानगी लागते. कॅमेरा अधिकाऱ्याबरोबर कार्यालयातून निघतो, अधिकाऱ्याबरोबर दार ठोठावतो आणि अधिकाऱ्याबरोबरच परत येतो. दार उघडणाऱ्या माणसाला प्रेक्षक प्रथम अधिकाऱ्याच्या नजरेतून पाहतो. दार बंद झाल्यानंतर आत काय झाले, हे त्याला दिसत नाही. अधिकाऱ्याच्या दिवसाला आरंभ आणि शेवट असतो. भाडेकरूच्या प्रतीक्षेला तो नसतो. त्यामुळे निवेदनाचा धागा साहजिकच अधिकाऱ्याच्या हाती जातो.

दुसरी मर्यादा कथनाच्या रचनेची आहे. एका भागात तीन-चार प्रकरणे आणि प्रत्येकाचा शेवट होणे आवश्यक, या चौकटीत घर मिळाले की नाही, चोर सापडला की नाही, हीच उत्कंठा उरते. एका कुटुंबाला घर मिळाले की दुसऱ्याला ते मिळालेले नसते, ही गोष्ट संपादनात हरवते. दोन अर्जदार एकामागोमाग दाखविले की प्रेक्षक नकळत त्यांची तुलना करू लागतो. कोणाच्या हातात महागडा दूरध्वनी आहे, कोण उद्धटपणे बोलले, कोणाला किती मुले आहेत, यांच्या नोंदी त्याचे मन ठेवू लागते. कलिंगवर्थ समितीने १९६९ मध्ये ज्या पद्धतीवर टीका केली, तीच पद्धत येथे वेगळ्या रूपात परत येते. फरक इतकाच की, पूर्वी घरोघर जाऊन गुण देणारा एक अधिकारी होता. आता लक्षावधी प्रेक्षक आहेत.

तिसरी मर्यादा नैतिक आहे. ब्रिटनमधील प्रसारण नियामक संस्था ऑफकॉम हिच्या २००५ पासून लागू असलेल्या संहितेत सहभागी व्यक्तीची माहितीपूर्ण संमती व खासगीपणा यांविषयी तरतुदी आहेत. तथापि ज्याच्या डोक्यावर आज रात्री छप्पर असेल की नाही, हे समोरच्या अधिकाऱ्यावर अवलंबून आहे, त्या माणसाने दिलेली संमती कितपत मुक्त मानावी? संमतिपत्रावरील सही कायद्याला पुरेशी असेल. पण विषम संबंधांतील संमतीचा प्रश्न तिने सुटत नाही. शिवाय पुनःप्रक्षेपणामुळे आयुष्यातील एक वाईट दिवस वर्षानुवर्षे सार्वजनिक राहतो.

चौथी मर्यादा सर्वांत गंभीर असून ती फारशी चर्चिली जात नाही. २००४ च्या गृहनिर्माण कायद्याने घरातील २९ प्रकारचे धोके तपासण्याची पद्धत घालून दिली. धोका गंभीर असल्यास कौन्सिलचे अधिकारी खासगी घरमालकाला नोटीस देऊ शकतात. परंतु कौन्सिल स्वतःच घरमालक असेल, तर ती स्वतःविरुद्ध अशी कारवाई करू शकत नाही. म्हणजेच पडद्यावर भाडेकरूचा रक्षक म्हणून दिसणारा अधिकारी कौन्सिलच्याच गळक्या घरासमोर या अधिकारापुरता हतबल असतो. २०१९ मध्ये अमलात आलेल्या, घर राहण्यायोग्य असण्याविषयीच्या कायद्याने भाडेकरूला स्वतः न्यायालयात जाण्याचा मार्ग दिला, तो काही अंशी ही उणीव भरून काढण्यासाठीच. अधिकाऱ्याच्या पाठोपाठ जाणाऱ्या कॅमेऱ्याला ही रिकामी जागा दिसणे कठीण होते.

६. दाराच्या आतील बाजूने

१४ जून २०१७ रोजी पश्चिम लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या कौन्सिलच्या मालकीच्या इमारतीला आग लागून ७२ जणांचा मृत्यू झाला. इमारतीच्या सुरक्षिततेविषयी काही रहिवासी आधीपासून सातत्याने लेखी इशारे देत होते. डिसेंबर २०२० मध्ये रॉचडेल येथे हाउसिंग असोसिएशनच्या सदनिकेतील बुरशीमुळे दोन वर्षांच्या एका बालकाचा मृत्यू झाला. पालकांनी वारंवार तक्रारी केल्या होत्या, हे २०२२ मधील मृत्यूचौकशीत स्पष्ट झाले. या दोन्ही घटनांत भाडेकरू बोलत होते. ऐकणारे कोणी नव्हते. भाडेकरूच्या शब्दावर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न करमणुकीच्या कार्यक्रमात उत्कंठा वाढवितो. प्रत्यक्ष जीवनात त्याची किंमत अशी मोजावी लागते.

मार्च २०२१ मध्ये आयटीव्ही न्यूजने दक्षिण लंडनच्या क्रॉयडन भागातील रेजिना रोड येथील कौन्सिल सदनिकांतील गळती व बुरशी यांचे चित्रण दाखविले. येथे कॅमेरा भाडेकरूच्या निमंत्रणावरून आत गेला होता. तो अधिकाऱ्याबरोबर आला नव्हता; उलट अधिकाऱ्यांकडे उत्तर मागत होता. दोनच महिन्यांत नियामक संस्थेने कौन्सिलने मानकांचा भंग केल्याचा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी आयटीव्हीने या विषयावर स्वतंत्र माहितीपटही प्रसारित केला.

ग्रेनफेल, रॉचडेल आणि अशा वार्तांकनातून निर्माण झालेल्या दबावामुळे २०२३ चा सामाजिक गृहनिर्माण नियमन कायदा संमत झाला. त्यानुसार एप्रिल २०२४ पासून मोठ्या घरमालक संस्थांची नियमित तपासणी सुरू झाली. वरिष्ठ व्यवस्थापकांसाठी व्यावसायिक पात्रतेची तरतूद करण्यात आली. ऑक्टोबर २०२५ पासून तातडीचा धोका २४ तासांत दूर करणे आणि ओल व बुरशीच्या गंभीर तक्रारीची १० कामकाजाच्या दिवसांत तपासणी करणे बंधनकारक झाले. ही कलमे पाहिली असता एक महत्त्वाचा फरक ध्यानात येतो. २०११ व २०१३ चे कायदे भाडेकरूला कसोटीवर घेत होते. २०२३ चा कायदा घरमालक संस्थेला कसोटीवर घेतो.

समारोप :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, गृहनिर्माण अधिकारी व भाडेकरू यांच्यावरील माहितीपट मालिकांनी एका दुर्लक्षित व्यवसायाचे कष्ट आणि एका गुंतागुंतीच्या व्यवस्थेचे कामकाज लोकांपुढे आणले. त्यांचे हे कार्य नाकारण्याचे कारण नाही. अनेक प्रसंगांत अधिकाऱ्याची नकार देतानाची अस्वस्थता प्रेक्षकाला जाणवते आणि तीच या मालिकांची सर्वांत प्रामाणिक बाजू होय. परंतु टंचाई हे गृहीत धरून तिचे वाटप तेवढे दाखविल्यामुळे धोरणाचा प्रश्न व्यक्तीच्या चारित्र्याचा प्रश्न बनला. गरजेऐवजी लायकी मोजण्याची जी सवय गृहव्यवस्थापनाने मोठ्या प्रयासाने सोडण्याचा यत्न केला होता, ती प्रेक्षकाला पुन्हा लागली.

माध्यम अभ्यास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र व लोकप्रशासन या विषयांच्या अध्यापकांना या मालिका वर्गात उपयोगी पडू शकतात. त्यासाठी एखादा प्रसंग दाखविल्यानंतर विद्यार्थ्यांसमोर तीन प्रश्न ठेवता येतील. कॅमेऱ्याला आत कोणी आणले? या प्रसंगातील अधिकाऱ्याला कोणता निर्णय घेण्याची मुभाच नव्हती? आणि या दोघांच्या संभाषणात ज्याचा उल्लेखही झाला नाही, असा तिसरा पक्ष कोणता? बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एकच निघते. तो पक्ष म्हणजे न बांधली गेलेली घरे.